सायकल, संसार आणि सवड : खानदेशातील काही समजांची तपासणी

सायकलिंगचा छंद आणि संसार यांच्यातील ओढाताण मुख्यतः पैशाची असते, असा समज पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात सर्रास आढळतो. गियरची सायकल दारात आली की तिच्या किमतीवरून कुरबुर सुरू होते, आणि किंमत एकदा गळी उतरली की प्रश्न मिटला असे धरले जाते. वस्तुस्थिती अशी की सायकल एकदाच विकत घ्यावी लागते, वेळ मात्र दर आठवड्याला नव्याने काढावा लागतो, आणि तो घरातल्याच कोणाच्या तरी वाट्यातून येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये वेळ-वापर सर्वेक्षण केले, म्हणजे देशभरातील माणसे दिवसाचे चोवीस तास कोणकोणत्या कामांत घालवतात याची पाहणी केली. तीत असे दिसले की स्वतःच्या घरातील विनावेतन कामांत ज्या स्त्रिया सहभागी होतात त्यांची त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, तर सहभागी पुरुषांची 97. शिवाय दिवसभरात असे काही काम केलेल्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये 81.2 टक्के होते आणि पुरुषांमध्ये अवघे 26.1 टक्के. या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर रविवारी पहाटे पाचला निघून अकराला परतणाऱ्या गृहस्थाचे सहा तास पाहिले, तर नळाला आलेले पाणी भरणे, आठवड्याचा बाजार, मुलांची आंघोळ-न्याहारी आणि घरातल्या वृद्धांच्या औषधांची वेळ या सगळ्याचा भार त्या काळात कोणावर पडला हे वेगळे सांगावे लागत नाही. परतल्यावरची दुपारची झोपही याच हिशेबात धरायला हवी; ती सहसा कोणी धरत नाही.

म्हणूनच ‘घरच्यांचा सायकलला विरोध आहे’ या वाक्यात पुष्कळदा निदानाचीच चूक असते. विरोध सायकलला नसून न विचारता घेतलेल्या सकाळींना असतो, आणि महागड्या साहित्याबद्दलची तक्रार हे त्या विरोधाचे बोलून दाखवता येण्यासारखे रूप असते. ज्या घरात आठवड्यातील एक ठरलेली सकाळ एकाची आणि तितकीच लांब दुसरी सकाळ किंवा संध्याकाळ दुसऱ्याची असते, मग ती भजनी मंडळासाठी असो, माहेरी जाण्यासाठी असो की नुसत्या विसाव्यासाठी, तेथे सायकलच्या किमतीचा वाद फार काळ टिकत नाही.

दुसरा समज अंतराचा आहे. शंभर किलोमीटरची फेरी मारल्याशिवाय सायकलिंग झाले असे म्हणता येत नाही, ही कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांत, फेऱ्यांची नोंद ठेवणारी मोबाइल ॲप आणि लांब पल्ल्याचे उपक्रम यांच्या प्रसारासोबत छोट्या गावांतही रुजली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम पुरतो. मध्यम तीव्रता म्हणजे श्वास वाढतो पण बोलता येते, अशी अवस्था. ताशी 15 किलोमीटर वेगाने रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली तर 150 मिनिटे भरतात आणि एका दिवशीचे अंतर होते साडेसात किलोमीटर. पाचोऱ्याहून भडगावला जाऊन परत येणे, म्हणजे सुमारे 30 किलोमीटर, याच वेगाने दोन तासांचे काम आहे, आणि आठवड्यातून एकदाच ते केले तरी 150 पैकी 120 मिनिटे भरतात.

लांब पल्ल्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिची किंमत आधीच स्पष्ट दिसते. बीआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमात, ज्याचे नियम फ्रान्समधील ओडॅक्स क्लब पारिझियां ही संस्था ठरवते, 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 300 साठी 20, 400 साठी 27 आणि 600 साठी 40 तास अशी मुदत असते, तीत खाण्यापिण्याचे व झोपेचे थांबेही धरलेले असतात आणि पहिला-दुसरा क्रमांक काढला जात नाही. दोनशेच्या एका बीआरएमला घरून निघणे, परतणे आणि दुसऱ्या दिवशीचा शीण जमेस धरता पूर्ण शनिवार-रविवार जातो. सहाशेला त्याहून अधिक. हे करू नये असे नाही, परंतु ‘फक्त एक रविवार’ असे त्याचे वर्णन करणे खरे नाही.

याला जोडूनच असा समज आहे की लांब पल्ल्याचा सायकलपटू एकट्याच्या जिद्दीवर घडतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पूर्ण केली, आणि ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. या शर्यतीत स्पर्धकामागे गाड्यांमधून जाणारे, खाणे, झोप, दुरुस्ती आणि वाट दाखवणे पाहणारे साहाय्यक पथक लागते. शिवाय दोघांच्या संघात एक चालवत असताना दुसरा विश्रांती घेतो. सर्वांत टोकाचे उदाहरणही पाळीपाळीने काम वाटून घेण्यावर उभे आहे, हे लक्षात घेतले तर घरातल्या पाळ्यांबद्दल कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

ऋतूबाबतचा समज मात्र अर्धा खरा आहे. हिवाळा हा खानदेशातला सायकलीचा उत्तम काळ, हे हवामानाच्या दृष्टीने बरोबरच आहे. मे महिन्यात येथे पारा 43 अंशांपलीकडे सहज जातो आणि सकाळी नऊनंतर रस्त्यावर थांबणे शहाणपणाचे नसते. परंतु कपाशीच्या मुलखात दिवाळीच्या मागेपुढे वेचणी सुरू होते, तिच्याच बरोबर रब्बीची पेरणी येते, आणि शेतकरी कुटुंबात त्या दिवसांत रविवार असा नसतोच. नोकरदार आणि व्यापारी घरांसाठी हिवाळा मोकळा असला तरी डिसेंबरअखेर सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहाटेच्या फेरीला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अनिवार्य ठरतो. उन्हाळ्यात उलट पावणेसहाच्या सुमारास उजाडते, म्हणून साडेपाच ते साडेसात हा तास-दोन तासांचा पट्टा घरातले इतर उठण्याआधीच संपू शकतो. घड्याळाच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत सोयीचा ऋतू चैत्र-वैशाखाचाही असू शकतो. अपवाद आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा, कारण त्या दिवसांत माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात आणि पहाटेचा चहाही एकट्याने घेता येत नाही.

साहित्याच्या बाबतीत गैरसमज सर्वांत दाट आहेत. बाजारात ज्या सायकलीला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात, म्हणजे रुंद गाठाळ टायर, पुढे आणि पुष्कळदा मागेही शॉकअप आणि 18 किंवा 21 गियर असलेली, ती ‘सगळीकडे चालणारी’ असल्याने कुटुंबासाठी उत्तम, असे मानले जाते. प्रत्यक्षात स्वस्त शॉकअप सायकलीचे वजन वाढवतो आणि पायडलवर दिलेल्या जोरापैकी काही भाग खालीवर होण्यात घालवतो, तर गाठाळ टायर डांबरावर अधिक रोध निर्माण करतो. गाठाळ टायर चिखलासाठी असतो हे खरे, पण खानदेशची काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटून चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट भरून टाकते, आणि मग रुंद टायरचे चाक अरुंद टायरच्या चाकाआधी अडते. अशा मातीत उपाय एकच, उतरून ढकलणे किंवा डांबरी रस्ता धरणे.

गियरची संख्या जितकी जास्त तितकी सायकल चांगली, या समजाला उत्तर गावाच्या भूगोलातच आहे. गियर म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल हे ठरवणारी दात्यांची जोडी. पुढच्या चकतीला 44 आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे 2.44 वेळा फिरते, आणि चाकाचा परीघ 2.2 मीटर धरला तर सायकल जवळपास 5.4 मीटर पुढे सरकते. मिनिटाला 50 फेरे मारणारा माणूस यावर ताशी 16 किलोमीटर वेग राखतो. गिरणेच्या खोऱ्यातल्या बहुतांश सपाट रस्त्यांना ही एकच जोडी पुरते, आणि म्हणूनच बिनगियरच्या उंच काळ्या सायकलीवर पिढ्यानपिढ्या दूध, चारा आणि शाळकरी मुले वाहिली गेली. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत, फर्दापूरहून अजिंठा गावाकडे चढताना किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मात्र चित्र बदलते. तेथे पुढे 28 आणि मागे 34 दात्यांची जोडी एका फेऱ्यात केवळ 1.8 मीटर नेते आणि पाय मोडून न घेता चढ पार पाडते. वर्षातून दोनदा घाटात जाणाऱ्याने रोजच्या सायकलीत त्यासाठी पैसे गुंतवावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, गरजेचा नाही.

वजनाबद्दलही हेच. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो भरत असतील, तर दोन किलो हलकी सायकल घेतल्याने एकूण वजन अडीच टक्क्यांनी घटते, आणि त्याचा फायदा मुख्यतः चढावर मिळतो. सपाटीवर अडथळा वाऱ्याचा आणि टायरचा असतो. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत योग्य हवा ठेवणे, चेनला वेळेवर तेल, वाकड्या रिमचा आउट काढणे आणि पावसाळ्यानंतर एकदा संपूर्ण ओव्हरॉइलिंग, म्हणजे छर्रे-बेअरिंगसकट सायकल खोलून साफ करणे, यांतून जे मिळते ते हजारो रुपये जास्त मोजूनही मिळेलच असे नाही. त्यात बांधांवरचे बाभळीचे काटे आणि सराटे लक्षात घेता जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान ही पाचोऱ्यातील पहिली खरेदी ठरावी; चकचकीत कपडे नंतर.

सायकलने गुडघे झिजतात, हा समज चुकीचा आहे. सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्याला धावण्यासारखे आघात बसत नाहीत. दुखते ते बहुधा सीटच्या चुकीच्या उंचीमुळे, कमी असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला आणि फार जास्त असेल तर मागच्या बाजूला. टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, ही सोपी कसोटी घरीच करता येते.

मुलांच्या सायकलीबाबत आईवडील शाळेच्या गणवेशाचा न्याय लावतात आणि वाढत्या मापाची सायकल घेतात. ज्या सायकलीवर बसून पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, ती शिकाऊ मुलाला न आवरणारी आणि धोक्याची असते. सायकलीवर लिहिलेले 16, 20, 24 इंच हे आकडे चाकाचे माप सांगतात, पण खरे माप मुलाच्या पायाच्या आतल्या लांबीचे घ्यायचे असते. बाजूची छोटी चाके तोल शिकवतात हाही असाच समज. ती मुलाला तोल न सांभाळता चालवायला शिकवतात, तर पायडल काढून, सीट खाली करून मुलाला पायांनी ढकलत पुढे जाऊ दिले तर तोल आधी येतो आणि पायडल मारणे नंतर सहज जमते. लहान मुलाला दांडीवर किंवा कॅरिअरवर बसवण्याची रीत जुनी असली तरी चाकाच्या तारांत पाय अडकून होणाऱ्या जखमा त्याच रीतीच्या आहेत. पाय बांधून ठेवणारी आणि चाकाच्या बाजूला आडोसा असलेली सीट त्यासाठीच असते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊच नये. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलस्वारांसाठी आहे, सायकलस्वारांसाठी नाही. पण कायद्याने सक्ती नाही म्हणजे गरज नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ईएन 1078 सारखे प्रमाणचिन्ह असलेले, हनुवटीखाली घट्ट बसणारे आणि एकदा जोरात आपटल्यावर बदललेले हेल्मेटच उपयोगी.

सायकल हा पुरुषांचा छंद आहे, या समजाची मुळे मात्र वेगळी आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक मागास तालुक्यांत, शाळा पाच किलोमीटरच्या आत असलेल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात, आणि शाळेच्या वेळी खेड्यांच्या रस्त्यांवर मुलींच्या सायकलींची रांग दिसते. म्हणजे चालवता येत नाही हे कारण नव्हे. बारावीनंतर, आणि लग्नानंतर तर नक्कीच, ती सायकल गोठ्यात किंवा धाकट्या भावाकडे जाते. बिनदांडीची चौकट आणि मागच्या चाकावरचा साडीगार्ड या सोयी जुन्याच आहेत, साडीचे कारणही म्हणून फार पुढे जात नाही. पतीसाठी दुसरी, आणखी भारी सायकल घेण्याआधी घरात पत्नीच्या उंचीची पहिली सायकल आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कुटुंबातील सर्वांनी एकच छंद धरला तरच समतोल साधतो, हा अखेरचा समज. चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी, तिच्या मागचे 1986 मध्ये घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि डोंगरातील पितळखोऱ्याची लेणी एका दिवसात पाहता येतात; त्या दिवशी एकाने चाळीसगावहून सुमारे 18 किलोमीटर सायकलने यावे, बाकीच्यांनी गाडीने, आणि तेथे मुलांनी पक्षी पाहावेत, यात काही विसंगत नाही. त्यासाठी प्रत्येकाला वेगळी दुर्बीण लागत नाही. दुर्बिणीवरील ‘8×42’ मधला पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा-बारा पटींहून अधिक वाढवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि तिचे दृश्यक्षेत्रही अरुंद असते, त्यामुळे लहान मुलाला तीत पक्षी सापडतच नाही. भुसावळजवळच्या हतनूर जलाशयावर हिवाळ्यात येणारी बदके पाहायलाही घरात मिळून 8×42 ची एकच दुर्बीण पुरते, फक्त ती पाळीपाळीने घ्यावी लागते.