चाकू लागला की कॅन्सर पसरतो?

सावनेरच्या बसस्टँडवर, आठवडी बाजारात किंवा एखाद्या पानठेल्यासमोर तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. "ऑपरेशन नका करू भाऊ, चाकू लागला की पसरते." सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. ऑपरेशन होऊन चार-सहा महिन्यांत गेलेला कुणीतरी त्याने ओळखीत पाहिलेला असतो. त्याने पाहिलं ते खरं असतं, पण त्याचा काढलेला अर्थ चुकीचा असतो. आणि तो अर्थ या भागात फार महाग पडतो.

कारण हा खर्र्याचा मुलूख आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारी पुडी विदर्भात शाळकरी मुलांच्या खिशातही सापडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाताना आढळले. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड पूर्ण उघडेनासं होतं. अशा काही तोंडांत पुढे कॅन्सर होतो. सुरुवातीला तो बहुधा न दुखणाऱ्या छोट्या चट्ट्याच्या किंवा जखमेच्या रूपात असतो, आणि शस्त्रक्रियेचा सर्वांत जास्त उपयोग नेमका तेव्हाच होतो. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी चाकूची भीती घालतं. मग आधी झाडपाला होतो, मग मलम, मग दुसऱ्या कुणाचा उपाय. गळ्यात गाठ हाताला लागली की मग छिंदवाडा रस्त्याने नागपूर गाठलं जातं. ते अंतर जेमतेम ३५-४० किलोमीटर आहे.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या पाच शहरी दवाखान्यांतल्या रुग्णांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३८ टक्के लोकांनी सांगितलं की ऑपरेशनमध्ये हवा लागली की फुप्फुसाचा कॅन्सर पसरतो. या समजाला एक जुना इतिहास आहे. सीटी स्कॅन नव्हता त्या काळात पोट उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे. उघडल्यावर आजार सगळीकडे पसरलेला दिसला की सर्जन टाके घालून पोट बंद करत. रुग्ण थोड्याच दिवसांत जाई आणि दोष चाकूला लागे. आजार आधीच पसरलेला होता, ऑपरेशनने तो फक्त दिसला.

बायोप्सीबद्दलही हेच बोललं जातं. "तुकडा काढला की आजार खवळतो." तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर आहे की नाही आणि असला तर कोणत्या जातीचा, हे ठरत नाही. मग उपचार तरी कशावर करायचे? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २,०३४ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशनआधी सुईने तपासणी झालेले रुग्ण मध्यकानुसार २२ महिने जगले, न झालेले १५ महिने. हा नोंदींचा अभ्यास असल्यामुळे सुईने आयुष्य वाढलं असं त्यावरून म्हणता येत नाही. पण सुईने घात केला, असंही त्यात कुठे दिसत नाही. सुईच्या वाटेने पेशी मागे राहण्याचे प्रकार काही अवयवांत घडतात, उदाहरणार्थ यकृतात, आणि अंडकोशाच्या गाठीत तर डॉक्टर अंडकोशातून सुई घालणं मुद्दाम टाळतात. कुठे सुई घालायची आणि कुठे नाही, हे शास्त्राला ठाऊक आहे. तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा काढायला घाबरण्यासारखं काहीच नाही.

तरीही या लोकसमजात सत्याचा एखादा कण असेल का? मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळली जाते, आजूबाजूची ऊती ताणली आणि कापली जाते. त्या थोड्या वेळात कॅन्सरपेशींची वागणूक बदलत असेल, तर ती तिथेच रोखता येईल का? यासाठी त्यांनी लिडोकेन निवडलं. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात तेच, दर दवाखान्यात असणारं औषध.

देशातल्या ११ केंद्रांवर, स्तनाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या आणि थेट शस्त्रक्रियेला योग्य असलेल्या स्त्रियांचे संगणकाने दोन गट पाडले गेले. एका गटाला चीर देण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचलं, दुसऱ्याला नाही. बाकी उपचार दोन्ही गटांना सारखेच. १,५८३ स्त्रियांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी लिडोकेन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ८६.६ आणि ८२.६ टक्के होतं. शंभर स्त्रियांमागे जवळपास चार जणी जास्त वाचल्या, आणि तेही अशा औषधाने की ज्याचा खर्च माणशी शंभर रुपयांच्या आत येतो.

या चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे कोणाला औषध मिळालं हे सर्जनला माहीत होतं. आणि हा निष्कर्ष एका प्रकारच्या रुग्णांपुरताच आहे, तो जसाच्या तसा तोंडाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरला लावता येत नाही. मात्र एक गोष्ट यातून पक्की दिसते. इंजेक्शन न मिळालेल्या, फक्त नेहमीची शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार झालेल्या शंभरांतल्या ८६ जणी पाच वर्षांनंतरही जिवंत होत्या. चाकूने कॅन्सर पसरत असता, तर हा आकडा दिसलाच नसता.

खर्र्याच्या या मुलखाला सर्वांत जवळचं संशोधन मात्र गळ्याचं आहे.

तोंडात लहान जखम, गळ्यात हाताला काहीच लागत नाही, आणि सर्जन म्हणतो की जिभेच्या किंवा गालाच्या ऑपरेशनबरोबर गळ्यातल्या लसिकाग्रंथीही काढू. घरचे साहजिकच विचारतात की दुखणं तोंडात असताना गळा कशाला कापता? काहींना वाटतं, बिल वाढवायचा डाव असेल. एकेकाळी सर्जनांमध्येही याबाबत एकमत नव्हतं. काही जण आधीच ग्रंथी काढत, तर काही जण गाठ दिसेपर्यंत थांबत. दोन्ही बाजूंकडे अनुभव होता, पुरावा कोणाकडेच पुरेसा नव्हता.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून याची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१५ मध्ये शिकागोतल्या अमेरिकन कॅन्सर परिषदेच्या मुख्य सत्रात मांडले गेले आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, सुरुवातीलाच गळ्यातल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावर काढू, म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. गळ्याचं ऑपरेशन वेळेवर झालेल्या दर आठ जणांमागे एक जीव वाचला, असा त्याचा हिशेब होतो. आजार न उलटण्यातला फरक याहून मोठा होता : ६९.५ टक्के विरुद्ध ४५.९ टक्के.

हे कसं घडतं, तेही त्याच चाचणीत दिसलं. ज्यांचा गळा तपासताना निरोगी वाटला होता, त्यांच्यापैकी जवळपास तीस टक्के जणांच्या काढलेल्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडला. बोटांना तो लागत नाही. लागेपर्यंत थांबलं की आजार पुढे गेलेला असतो.

याची किंमत नाही असं मात्र नाही. गळ्याच्या या शस्त्रक्रियेनंतर खांदा काही काळ दुखतो, हात वर नेताना जड वाटतो, मान बधिर राहते. खांद्याचे व्यायाम टाळले तर हा त्रास लांबतो. पण चाचणीत गुंतागुंतींचं प्रमाण सुरुवातीलाच ग्रंथी काढलेल्या गटात ६.६ टक्के होतं आणि थांबलेल्या गटात ३.६ टक्के. वाचलेल्या जिवांपुढे हा फरक लहान आहे. अलीकडे सगळ्या ग्रंथी न काढता कॅन्सर सर्वांत आधी जिथे पोचू शकतो ती पहिली ग्रंथी शोधून तेवढीच तपासण्याची पद्धतही पुढे आली आहे. फ्रान्समधल्या एका चाचणीत दोन वर्षांनी दोन्ही पद्धतींचे निकाल जवळजवळ सारखे आले. त्यासाठी विशेष यंत्रणा आणि सराव झालेला हात लागतो, म्हणून ती सगळीकडे मिळत नाही.

याच्या उलटा समजही तितकाच घट्ट आहे. "मोठं ऑपरेशन करून सगळं मुळापासून काढून टाका, मग पाहू." स्तनाचा कॅन्सर हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात पोचलेला असताना स्तनातली गाठ काढून आयुष्य वाढतं का, हे बडवे यांच्याच गटाने ३५० स्त्रियांवर पाहिलं. २०१५ चा निष्कर्ष असा की ऑपरेशन झालेल्या मध्यकानुसार १९.२ महिने जगल्या आणि न झालेल्या २०.५ महिने. फायदा नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही असंच दिसलं. टाटा मेमोरियलच्या ६३३ स्त्रियांच्या चाचणीत आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, याची तुलना केमोसह रेडिएशनशी केली गेली. २०१८ च्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया रेडिएशनच्या गटात ७६.७ टक्के होत्या, शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी एखाद्या बाईला ऑपरेशनऐवजी रेडिएशनच्या तारखा दिल्या, तर "हिला आता सोडून दिलंय" असा अर्थ काढण्याचं कारण नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचंही तसंच आहे. चीर छोटी, वेदना कमी, घरी लवकर जाता येतं, हे सगळं खरं आणि अनेक आजारांत मोलाचं. पण गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर १३ देशांत ३३ केंद्रांनी घेतलेल्या चाचणीने २०१८ मध्ये सर्जनांनाच धक्का दिला. साडेचार वर्षांनी दुर्बिणीच्या गटात आजाराविना असलेल्या स्त्रिया ८६ टक्के होत्या आणि पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के. त्यानंतर या आजारासाठी जगभरचे सर्जन पुन्हा उघड्या शस्त्रक्रियेकडे वळले. कोणती पद्धत चांगली, हे आजार पाहून ठरतं, व्रणाची लांबी पाहून नाही.

राहिला शेवटचा, सर्वांत कडवट समज. "सरकारी दवाखान्यात गरिबांवर प्रयोग करतात." वर सांगितलेली प्रत्येक चाचणी रुग्णांनी संमती दिल्यामुळेच झाली, आणि त्यांत उपचाराविना कोणालाही ठेवलेलं नव्हतं. गळ्याच्या चाचणीत ७१० रुग्ण घ्यायचं ठरलं होतं. आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला फरक स्पष्ट दिसू लागला आणि ५९६ रुग्ण झाल्यावर नवे रुग्ण घेणं थांबवण्यात आलं. पुढच्या रुग्णाला कमी गुणाच्या गटात ढकलायचं नाही, यासाठीच ही व्यवस्था असते. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे आणि ती नोंद कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. संमतीचा कागद समजेल अशा भाषेत मागणं, तो घरी नेऊन वाचणं, नाही म्हणणं, मध्येच बाहेर पडणं, हे सगळे रुग्णाचे हक्क आहेत, आणि नकार दिला तरी नेहमीचे उपचार चालूच राहतात.

सावनेरच्या माणसाला नागपुरात जायला जागा आहेत. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्याच्याच आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला चट्टा, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, किंवा आपलीच तीन बोटं उभी मावणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरला दाखवावं. आणि तुकडा काढायचं ठरलं, तर काढू द्यावा.