घरातली रेल्वे – भाग ९ : इंजिनाचा हात किती उंचावर?

माझ्या टेबलावर खिडकीखालच्या कोपऱ्यात चढ सुरू होतो. तिथे गाडी रोज तुटायची. इंजिन पुढे निघून जायचं आणि आठ वाघिणी मागे उभ्या. काही घसरलेलं नसायचं, मोडलेलं नसायचं. हातातला हात नुसता सुटायचा. त्या जागचे रूळ मी दोनदा उखडले, जोड नव्याने सोल्डर केले, चढाची सुरुवात आणखी सावकाश व्हावी म्हणून खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारल्या. फरक पडला नाही. वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा एका रविवारी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून गाडी बघत होता. तो म्हणाला, “काका, इंजिनाचा कपलर खाली वाकलाय.”

मी त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलो. खरंच होतं. वाघिणीचा कपलर सरळ, इंजिनाचा मात्र नाक खाली केलेला. सपाट रुळावर दोघांची पकड निम्मीच होती. चढाच्या तोंडाशी इंजिनाचं पुढचं टोक वर जातं, तेव्हा मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारं टोक खाली जातं. वाघीण अजून सपाटीवरच असते. उरलेली निम्मी पकडही तिथे सुटायची. वरून बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. म्हणून आजचा सगळा भाग इंजिनाच्या कपलरवर आहे, आणि त्यातही उंचीवर.

ज्याला आपण नकल कपलर म्हणतो त्याचं पेटंट १८७३ साली अमेरिकेत ईलाय जॅनी यांनी घेतलं. दोन माणसांनी बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत, तशी त्याची रचना आहे. त्याआधी दोन डब्यांच्या मधे उभं राहून हाताने कडी-खीळ लावावी लागे आणि त्यात कित्येकांचे हात चिरडले जात. १८९३ मध्ये अमेरिकेने स्वयंचलित कपलर बंधनकारक करणारा कायदा केला. आपल्या मालगाड्यांना आणि एलएचबी डब्यांना आज जो सेंटर बफर कपलर दिसतो, तो याच घराण्यातला. छोट्या गाड्यांसाठी तो ओरेगनच्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी रुजवला. दोघांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या कंपनीचं नाव पडलं केडी.

बोटांत बोटं अडकवायची तर दोन्ही हात एका उंचीवर हवेत, हे मोठ्या रेल्वेला चांगलं ठाऊक आहे. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजवर बफरची, आणि म्हणून कपलरचीही, उंची रुळाच्या माथ्यापासून रिकाम्या डब्याला जास्तीत जास्त १,१०५ मि.मी. आणि भरलेल्याला कमीत कमी १,०३० मि.मी. असते. म्हणजे सवलत ७५ मिलिमीटरची. अमेरिकेत ३४.५ ते ३१.५ इंच, म्हणजे तिथेही तीन इंच, जवळजवळ तेवढीच. आता या ७५ ला ८७ ने भागा. एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ च्या गाडीला एक मिलिमीटरसुद्धा सवलत उरत नाही. इंजिनाच्या पोटात अर्ध्या मिलिमीटरचा ढिलेपणा असला, तर अर्ध्याहून अधिक सवलत तिथेच खर्च झाली.

भारतीय गाड्या करणाऱ्यांना इथे एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो उशिरा घेतला तर फार काम वाढतं. आपले १,१०५ मि.मी. एचओमध्ये आणले, तर साधारण १२.७ मि.मी. होतात. बाजारात मिळणाऱ्या केडी मापाच्या कपलरची उंची अमेरिकन गाड्यांवर बेतलेली आहे : रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मि.मी. फरक जवळजवळ तीन मिलिमीटरचा. हुबेहूबपणाचा आग्रह असणाऱ्याला १२.७ मोहात पाडतं, आणि फक्त काचेच्या कपाटात ठेवायचं असेल तर तेच करावं. पण ज्याच्याकडे विकत घेतलेल्या परदेशी वाघिणी आणि घरी केलेलं इंजिन दोन्ही आहेत, त्याने ९.९ धरावं असं माझं ठाम मत आहे. तसंही आपण १,६७६ मि.मी.च्या ब्रॉडगेजचं इंजिन १६.५ मि.मी.च्या रुळावर चालवतोच. प्रमाणात ते रूळ १९ मि.मी.हून रुंद हवे होते. जिथे रुंदी सोडली, तिथे धावण्यासाठी उंचीही सोडता येते. मात्र घरात उंची एकच हवी.

मोजायला केडीचा धातूचा गेज मिळतो. तो रुळांवर बसतो, त्याला खरा कपलर बसवलेला असतो आणि आपलं इंजिन हळूच त्याच्याशी भिडवायचं. रूळ काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा, नाहीतर प्लायवूडची वाक गेजमध्ये शिरते. आणि डोळा कपलरच्या पातळीला आणा, त्या मुलाने आणला तसा.

कपलर खाली दिसला, की लगेच कानस घेऊ नका. आधी बोटाच्या टोकाने तो वर उचला. उचलून बरोबर उंचीला आला, तर उंची ठीक आहे आणि तो ज्या पेटीत बसतो ती ढिली आहे. माझ्या इंजिनाचं हेच होतं. समजा, पेटीत तोंडाशी पाव मिलिमीटर फट आहे. कपलर पेटीत जेवढा आत आहे तेवढंच त्याचं डोकं बाहेर असेल, तर टोकाला ती दुप्पट होते. यावर उपाय साधा आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या जुन्या पारदर्शक कागदाची पट्टी कापा, पेटीच्या झाकणाएवढी रुंद, आणि झाकण व कपलरचा दांडा यांच्या मधे ठेवा. एक पुरली नाही तर दुसरी. स्क्रू आवळल्यावर कपलर एका बाजूला ढकलून सोडा. तो आपसूक मधे परतला पाहिजे. अडकला तर पट्टी जास्त झाली, नाहीतर स्क्रू जास्त आवळला गेला. तेल घालायचं नाही, त्यावर धूळ बसून आठवड्यात लगदा होतो. कुलपात घालतात ती कोरडी ग्राफाइट पावडर चिमूटभर पुरते.

उचलूनही उंची जमत नसेल, तर इंजिन वर-खाली करण्याच्या फंदात पडू नका. वाघिणीच्या चाकांच्या बोगीवर वॉशर घालून ती उचलता येते. इंजिनाच्या चाकांना आतून गिअर जोडलेले असतात, तिथे हात घातला की नवं दुखणं सुरू होतं. त्यापेक्षा डोकं दांड्याच्या थोडं वर किंवा थोडं खाली बसवलेले कपलर मिळतात, त्यातला जो जुळेल तो लावावा. युरोपीय इंजिनांना बहुधा एनईएम ३६२ ची चौकोनी खाच असते, तिच्यात केडीचे १७ ते २० क्रमांकाचे कपलर नुसते दाबून बसतात. हे चार क्रमांक म्हणजे चार लांब्या. वळणावर बफर एकमेकांना न टेकतील अशी सगळ्यांत आखूड लांबी निवडा.

जुन्या अमेरिकन इंजिनांचं काम सर्वांत जास्त असतं. माझं पहिलं इंजिन आत्तेभावाने न्यू जर्सीहून आणलं, त्याला शिंगासारखा आडवा हूक होता. असा हूक ओढताना ठीक चालतो, पण मागे ढकलताना डब्याला बाजूला रेटतो आणि हलकी वाघीण वळणावर रूळ सोडते. तो काढून नकल कपलर लावायचा, तर पेटी इंजिनाच्या सांगाड्यालाच हवी, चाकांच्या बोगीला नव्हे. बोगीला लावली, की ढकलण्याचा जोर थेट चाकांवर जातो. सांगाड्यात १.६ मि.मी.चं भोक पाडून २ मि.मी.चे आटे पाडा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा फिरवा. घाई केली तर तो आत तुटतो, आणि तुटलेला टॅप काढणं म्हणजे सांगाडा गमावण्याची तयारी ठेवणं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. काही जुन्या इंजिनांत धातूच्या सांगाड्यातूनच एका रुळाची वीज मोटारीला मिळते. अशी दोन इंजिनं उलटसुलट तोंडं करून धातूच्या कपलरने जोडली, तर एका रुळाची वीज दुसऱ्या रुळाला भिडते आणि शॉर्ट सर्किट होतं. म्हणून पेटी प्लॅस्टिकची आणि स्क्रू नायलॉनचा वापरा. नंतर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्याचं एक टोक कपलरला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या चाकांना लावून बघा. आवाज यायला नको.

कपलरखाली हवेच्या नळीसारखी वाकलेली तार असते, ती रुळांमधल्या चुंबकाने गाडी सोडवण्यासाठी. उंची जुळल्यानंतरच तिच्याकडे बघा. ती फार खाली असेल, तर सांध्यावरून जाताना रुळात अडकते आणि गाडी झटक्याने थांबते. गेजच्या पायाशी तिच्यासाठी छोटी पायरी असते, तिला न घासता तार वरून गेली पाहिजे. पकडीने तारेलाच धरून वाकवा. कपलरचं डोकं पिळलं, तर पेटीत केलेलं सगळं काम गेलं. आणि नकलची केसाएवढी स्प्रिंग बसवताना हात, चिमटा, कपलर सगळं पारदर्शक पिशवीत घालून बसवा, म्हणजे उडाली तरी पिशवीतच राहते.

माझ्या इंजिनाला शेवटी दोन पट्ट्या लागल्या. तपासणी म्हणून आठ वाघिणी चढावरून ओढल्या, मग त्याच चढावर मागे ढकलल्या, इंग्रजी एस आकाराच्या वळणातूनही. ढकलणं ही खरी परीक्षा, ओढताना बऱ्याच चुका झाकल्या जातात. मुलगा हनुवटी टेकवून मोजत होता. बावीस फेऱ्या झाल्या तेव्हा त्याच्या आईने जेवायला हाक मारली.

पुढच्या आठवड्यात वाघिणींकडे वळू : त्यांचं वजन आणि त्यांना उचलण्याचे वॉशर. तोवर इंजिनाची दोन्ही टोकं गेजला लावून उंची एका वहीत लिहून ठेवा, पुढचं टोक आणि मागचं टोक वेगवेगळं.