बोनेटखाली : जाम इंजिन आधी सोडवा, मग उतरवा

रायगडच्या किनारपट्टीवर इंजिन जाम होतं ते मुख्यतः दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा एका रात्रीत उरकते, दुसरीला अख्खा पावसाळा लागतो.

पहिलीचं उदाहरण महाड. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री नदीचा उगमच तिथला. ती पोलादपूरवरून खाली उतरते, महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्या तिला येऊन मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की एवढ्या पाण्याला पुढे सरकायला वाट उरत नाही. २२ जुलैला महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. २००५ च्या जुलैमध्येही शहराने हेच सोसलं होतं. गाड्या दारात, तळमजल्यावर, अगदी गॅरेजांतही उभ्या होत्या तिथेच बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणूस गाळ उपसता उपसता गाडीपाशी येतो आणि चावी फिरवून बघतो. ते अगदी स्वाभाविक आहे, आणि इंजिनाचा घात नेमका तिथेच होतो.

कसा, ते आकड्यांत बघू. आपल्याकडच्या असंख्य स्विफ्ट-डिझायरमध्ये १२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं. चार सिलिंडर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ३१२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो १७.६. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम १९ सीसी. चहाचे चार चमचे पाणी आत असेल तर ती जागा भरली. हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी जास्त, १२०० सीसीच्या गाडीत तीसेक सीसी. तेवढ्याने फारसा फरक पडत नाही. त्यातून एखादं इंजिन चुकून चालू झालंच, तर वेगाने फिरणारा वाकडा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

म्हणून बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, धक्का मारायचा नाही आणि गिअरमध्ये टाकून ओढायचीही नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढायचे आणि गाडी उचलून न्यायची. विम्याच्या दृष्टीनेही हेच महत्त्वाचं आहे. पुरात भिजल्याचं नुकसान साध्या विम्यात येतं, पण भिजलेलं इंजिन चालू करायला जाऊन झालेली मोडतोड ‘इंजिन प्रोटेक्शन’चं वेगळं कलम घेतलं नसेल तर सहसा नाकारली जाते.

दुसरी तऱ्हा अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनची. मुंबईकरांचे बंगले, आवारात एक जुनी गाडी, वर प्लास्टिकचं आच्छादन. मालक गणपतीला येतो तोवर तिला कोणी हात लावलेला नसतो. २०२० साल तर याचा कळस होतं. मार्चपासून टाळेबंदी, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ, आणि पाठोपाठ पावसाळा. त्या वर्षी कितीतरी गाड्या महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत.

बंद बोनेटखाली गंज आत शिरतो कुठून? चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या वाटेने, सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरकडून, खारी दमट हवा थेट पिस्टनपर्यंत जाते. वरचं ऑइल केव्हाच निथळून गेलेलं असतं. रिंगा आणि सिलिंडरची भिंत दोन्ही सहसा लोखंडी, आणि दोघींचा गंज एकमेकींत मिसळून त्या जखडतात. यात एक दिलासाही आहे. चारही पिस्टन क्वचितच धरतात. बहुतेकदा गुन्हेगार एक, फार तर दोन.

तिसरी तऱ्हाही आहे, तिला किनारा लागत नाही. कशेडी घाटात रेडिएटर गळाला, काटा लाल झाला, तरी गाडी दामटली. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरच्या जवळजवळ दुपटीने फुगतो आणि अडकतो. असं इंजिन थंड झालं की पुष्कळदा आपणच सुटतं, मात्र भिंतीवर ओरखडे ठेवून. ऑइल संपून बेअरिंग चिकटलं असेल तर गोष्ट वेगळी. बंद पडण्याआधी ठोकल्यासारखा आवाज आला होता आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतल्या, ऑइलमध्ये चकाकणारा चुरा आहे, असं दिसलं की भिजवत बसू नका. ते इंजिन गेलं.

आता मुख्य प्रश्न. इंजिन बदलायचंच आहे तर सोडवण्यात दिवस का घालवायचे? माझं मत ठाम आहे: बदलायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकारच इंजिन फिरल्यावर मिळतो. फिरल्याशिवाय रॉड वाकलाय का, व्हॉल्व्ह वाकलेत का, कॉम्प्रेशन किती उरलंय, यातलं काहीच कळत नाही. ‘जाम आहे, बदला’ हा निदानाशिवायचा निकाल आहे आणि तो ग्राहकाला फार महाग पडतो. दुसरं कारण उतरवण्याच्या कामातलं आहे, त्याकडे शेवटी येतो.

सुरुवात इंजिनाबाहेरून करा. गाडी न्यूट्रलला टाकून ढकला. चाकं फिरत नसतील तर ब्रेक धरलेले असतील. मग बाहेरचा पट्टा काढा आणि अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप हाताने फिरवून बघा. समुद्राकाठी कॉम्प्रेसरचं बेअरिंग गंजणं नित्याचं आहे, आणि पट्टा चढलेला असताना ते पुऱ्या इंजिनाला धरून ठेवतं. सेल्फचा दात फ्लायव्हीलमध्ये अडकलेला असू शकतो, म्हणून तोही उतरवा. एवढ्यावर इंजिन फिरलं तर त्याला कधी रोग नव्हताच.

नाही फिरलं, तर सगळे स्पार्क प्लग काढा. डिझेलला नोझलच्या वाट्याला जाण्यापेक्षा हीटर प्लग काढणं बरं, पण गंजलेला हीटर प्लग तुटतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि थोडा सैल, थोडा घट्ट असं करत बाहेर काढा. चेंबरचा बोल्ट किंचित ढिला करा. पुराच्या गाडीत आधी पाणी येईल, मग ऑइल. दुधाळ ऑइल आलं तर सगळं काढून टाका. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा आत सोडता आला तर उत्तम. कुठल्या सिलिंडरची भिंत तांबूस आहे ते डोळ्यांना दिसतं.

पुराची गाडी असेल तर आधी भोकांतून पाणी आणि गाळ शोषून घ्या, मग डिझेलने धुवा. महाडच्या पुराचा गाळ पिठासारखा बारीक होता आणि तो सुकला की रिंगांच्या खाचांत घट्ट बसतो. म्हणून ही कामं पहिल्या दिवसांतच व्हायला हवीत.

मग भिजवणं. प्रत्येक सिलिंडरमध्ये पन्नासेक मिली द्रव ओतायचा. कोणी डिझेल आणि ऑइल वापरतं, कोणी नुसता गंजाचा स्प्रे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल आणि ॲसिटोन निम्मंनिम्म हे मिश्रण चांगलं भिनतं, पण ॲसिटोन चटकन पेट घेतं. विडी, वेल्डिंग, बॅटरीची ठिणगी, सगळं लांब ठेवा. रोज पातळी बघा. उतरली तर आनंद माना, द्रव रिंगांच्या फटीतून खाली जातोय. पुन्हा भरा. दोन दिवस लागतील, आठवडाही लागेल. हे खाली गेलेलं सगळं चेंबरच्या ऑइलमध्ये मिसळतं, म्हणून इंजिन पुढे चालवायचं असेल तर ऑइल आणि फिल्टर आधी बदला. आणि भिजवून झाल्यावर प्लग परत लावून सेल्फ मारू नका. पाण्याने केलं तेच हा द्रव करील.

माणगावजवळ महामार्गाच्या कडेला एका गॅरेजात हे काम मी जवळून पाहिलं आहे. उस्तादाने क्रँकच्या पुलीवर आणि शेजारच्या कव्हरवर मिळून खडूची एकच आडवी रेघ मारली. बोल्टला सॉकेट, सॉकेटला हातभर दांडा. पोऱ्या जोशात होता. ‘जोर नको लावू रे, नुसतं वजन टाक. खडूकडे बघ,’ उस्ताद म्हणाला. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग रेघेचे दोन तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे सरकले. पोऱ्याने दांडा दाबायला घेतला तसा उस्तादाने त्याचा हात धरला, रेघ मागे जुळवून घेतली, पुन्हा पुढे नेली. पुढे थोडं, मागे थोडं, मध्ये पुन्हा स्प्रे. दुपार उलटल्यावर क्रँकने अर्धा फेरा घेतला.

पुढे-मागे करण्यातच खरी हातोटी आहे. सुटलेला गंज रिंगेपुढे ढीग करून साचतो, मागे घेतलं की तो मोकळा होतो. बोल्ट ज्या बाजूला घट्ट होतो त्याच बाजूला दांडा दाबायचा, नाहीतर इंजिनाऐवजी बोल्टच सुटतो. मागे आणायला सेल्फच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दातांना पहार लावायची. सहा फुटी पाइप घालून दोन माणसांनी लोंबकळायचं नाही. बोल्ट क्रँकच्या तोंडात तुटला तर दहापट काम वाढतं.

हाताला काय जाणवतं तेही सांगतो. सुरुवातीपासून जखडलेलं आणि दाबल्यावर किंचित ताणल्यासारखं वाटणारं इंजिन गंजलेलं असतं, ते सुटेल. पाऊण फेरा सहज फिरून दरवेळी एकाच जागी टणकन थांबणाऱ्या इंजिनात काहीतरी आडवं आलंय. वाकलेला व्हॉल्व्ह, तुटलेला तुकडा किंवा वाकडा रॉड. तिथे जोर निषिद्ध. हेड उतरवा.

इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरलं की रॉडची परीक्षा घ्या. खराट्यातला जाड, सरळ हीर प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवा आणि क्रँक हळूहळू फिरवा. पिस्टन सर्वांत वर आला की हिरावर खूण करा. चारही सिलिंडरना हेच करा. खुणा जुळल्या तर छान. एखादी मिलिमीटरभर जरी खाली असली तरी त्या सिलिंडरचा रॉड वाकून आखूड झालाय असं समजा. मग कॉम्प्रेशन गेज. या दोन चाचण्यांनंतर रिंगा, हाफ इंजिन (हेडशिवायचं) की अख्खं इंजिन हा निर्णय घ्या. कुर्ल्याच्या बाजारातून जुनं इंजिन आणणार असाल तर पैसे देण्याआधी तेही हाताने फिरवून याच हिराने मोजा. इंजिन नंबर बदलला की आरसी बुकातही तो बदलून घ्यावा लागतो. एमएच ०६ च्या गाड्यांसाठी ते काम पेणच्या आरटीओत होतं.

आता उतरवण्याचं कारण. साध्या क्लचची गाडी जाम असली तरी उतरते. गिअरबॉक्सचे बोल्ट काढले की त्याचा शाफ्ट क्लच प्लेटमधून सरळ बाहेर येतो. क्लच आपोआप दाबणाऱ्या एएमटीलाही साधाच क्लच असतो, तिथेही अडचण नाही. अडचण येते टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकला. कन्व्हर्टर इंजिनाच्या फ्लेक्स प्लेटला काही बोल्टांनी जोडलेला असतो आणि ते खालच्या किंवा सेल्फच्या भोकातून एका वेळी एकच दिसतात. एक काढायचा, क्रँक फिरवायचा, दुसरा समोर आणायचा. क्रँक फिरत नसेल तर पहिल्या बोल्टानंतर काम ठप्प. म्हणून ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन भंगारात द्यायचं असलं तरी निदान एका फेऱ्यापुरतं सोडवावंच लागतं.

सगळं करूनही हललं नाही तर एक आडवाट उरते. कन्व्हर्टर इंजिनालाच राहू द्यायचा आणि गिअरबॉक्स त्याच्यातून सरळ मागे ओढायचा. खाली रुंद टब ठेवा, कारण कन्व्हर्टरमधलं लाल ऑइल सगळं सांडतं. ओढताना गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर येऊ देऊ नका, आणि त्याच्या तोंडचं सील परत वापरू नका. पुढच्या आठवड्यात चेन ब्लॉक, माउंटिंग आणि इंजिन उचलताना साखळी कुठे बांधायची ते पाहू.