वाघ तीन मिलिमीटरचा

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाईल नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सांगितलं. ताडोब्याला नेहमी जाणाऱ्यांना ही बातमी शिळीच वाटली, कारण मोबाईल गेटवर ठेवायची सवय आमच्याकडे आधीच लागली आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात ३१ डिसेंबर २०२४ ला 'एफ-२' वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या गराड्यात कसे अडकले, तेही सगळ्यांनी पाहिलं; अर्थात मोबाईलवरच. तेव्हा निकालाचा काथ्याकूट नको. त्यानंतर ओळखीच्या हौशी मंडळींमध्ये एक चौकशी सुरू झाली, तिच्याबद्दल लिहितो. 'मोबाईल नाही, पण कॅमेरा चालतो ना? मग बाबांचा रोलवाला काढू का कपाटातून?'

काढा, जरूर काढा. फक्त तो घेऊन ताडोब्यात जाऊ नका.

कपाटातून बहुतेकदा ॲग्फा क्लिक थ्री निघतो. त्याला नमस्कार करावा आणि परत ठेवावा. पण एखाद्या घरात आखातातून मामाने आणलेली याशिका इलेक्ट्रो ३५ निघते, कुठे जाडजूड चामडी पेटीतली रशियन झोर्की. हे रेंजफाइंडर. आणि नेमक्या याच जातीवर पाणी सोडलं गेलं. ज्या लायकाने ही जात नावारूपाला आणली, त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एम ईव्ही-१' बाजारात आणला. १९५४ च्या एम-३ पासून चालत आलेल्या एम घराण्यातला हा पहिला कॅमेरा, ज्यात रेंजफाइंडरच्या जागी डोळ्याला लावायचा इलेक्ट्रॉनिक पडदा आला. लायपझिगच्या जत्रेत १९२५ साली पहिला लायका मांडला गेला, त्याची शंभरी साजरी होत असतानाच हे झालं. जुन्या लोकांनी गळे काढले. मला त्यात विशेष वाईट वाटण्यासारखं दिसत नाही. नव्या लायकाच्या किमतीत आमच्याकडे चांगली सेकंड हँड चारचाकी येते, आणि ती तेंदूपत्त्याच्या फडीपर्यंत पोचवते तरी.

रेंजफाइंडर काम कसा करतो ते समजलं की ताडोब्याचा प्रश्न आपोआप मिटतो. कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण सरळ समोर बघतो. दुसरीतून आलेली प्रतिमा आतल्या फिरत्या आरशावरून किंवा प्रिझमवरून येऊन पहिलीच्या मधोमध एका फिकट चौकोनात पडते. लेन्सची कडी फिरवली की ही दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस झाला. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं माप अचूक. लायका एम मध्ये ते ६९ मिलिमीटरच्या आसपास, जुन्या कॉन्टॅक्स-२ मध्ये ९०, झोर्की-४ मध्ये जेमतेम ३८. दूरच्या वस्तूसाठी प्रतिमा इतकी कमी सरकते की डोळ्याला फरक कळेनासा होतो. म्हणूनच १३५ मिलिमीटरच्या पुढची लेन्स या यंत्राला झेपत नाही. लायकाने त्यावर 'व्हिजोफ्लेक्स' नावाची आरशाची पेटी काढली होती. ती मध्ये बसवली की रेंजफाइंडरचा बळेबळेच एसएलआर होतो. मग १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि त्या खटाटोपाचं कारणच संपलं.

आता वाघाचा हिशेब. वाघ तीस मीटरवर आडवा उभा आहे आणि शेपूट सोडून त्याची लांबी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर आहे, असं धरू. ५० मिलिमीटरच्या लेन्सने फिल्मवर त्याची प्रतिमा पडते ती तीन मिलिमीटरची. चौकट असते ३६ मिलिमीटर रुंद. १३५ ची लेन्स लावलीत तर वाघ आठ मिलिमीटरचा होईल. मोहर्लीच्या गेटवरून भल्या पहाटे कुडकुडत आत शिरायचं आणि ज्वारीच्या दाण्याएवढा वाघ घेऊन बाहेर पडायचं, यापेक्षा कॅमेरा घरी ठेवून नुसतं डोळे भरून पाहणं शंभर पटींनी बरं. मोबाईलबंदीचा खरा फायदाही तोच आहे, असं माझं मत.

मग हा कॅमेरा घ्यायचा कशाला? तर दोन ते सात मीटरच्या जगासाठी. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८, कडी तीन मीटरवर. एवढं केलं की साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकसला हात लावायची गरज नाही. त्या अंतरात चंद्रपूर-गडचिरोलीतलं जवळजवळ सगळं येतं. महाकालीच्या चैत्र जत्रेतली गर्दी, जटपुरा गेटमधून निघणारी वाहतूक, मार्कंड्याच्या देवळांवरची शिल्पं, एप्रिलमध्ये झाडाखाली पसरलेली मोहफुलं आणि ती वेचणाऱ्या बाया. वाघ तेवढा येत नाही. चौकटीबाहेर काय चाललंय तेही खिडकीतून दिसतं, त्यामुळे माणूस चौकटीत शिरायच्या आधीच कळतो. वरखाली होणारा आरसा नसल्याने आवाजही कमी.

पण आरसा नसण्याचा एक तोटा आहे, आणि तो आमच्या उन्हात जिवावर बेततो. लायका, झोर्की, फेड यांचं शटर म्हणजे रबर लावलेल्या काळ्या कापडाचा पडदा, आणि त्याच्यासमोर थेट लेन्स. कॅमेरा गळ्यात, लेन्सचं तोंड वर, टोपण नाही आणि सूर्य माथ्यावर, असा योग जुळला की लेन्स भिंगाचं काम चोख बजावते. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी एक पांढरा ठिपका उमटतो. सेकंड हँड कॅमेरा घेताना लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च दाखवा आणि पडदा दोन्ही बाजूंनी तपासा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो, त्या दिवसांत टोपण लावूनच हिंडावं. याशिकाला ही भीती नाही, तिचं पात्यांचं शटर लेन्समध्येच असतं. तिचं दुखणं वेगळं. तिला लागणारी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी केव्हाच बंद झाली. हल्ली लोक सहा व्होल्टचा अल्कलाईन सेल काहीतरी जुगाड करून बसवतात, आणि ती बिचारी चालते. आतला रबराचा तुकडा मात्र वयोमानाने विरघळतो आणि एक्स्पोजरचा बोजवारा उडतो.

फेडचा उल्लेख आलाच आहे तर थोडं विषयांतर करतो, कारण या छंदातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. फेड हे फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीच्या नावातल्या आद्याक्षरांतून आलं. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा हा पहिला प्रमुख. त्याच्या नावाने १९२७ मध्ये खारकिव्हला अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांची एक कम्यून सुरू झाली आणि ती चालवली अंतोन माकारेन्कोने. रशियन पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला हा शिक्षक नव्याने सांगायला नको. त्या मुलांनी आधी विजेची ड्रिल यंत्रं बनवली आणि १९३४ पासून लायका-२ ची नक्कल. ज्या कॅमेऱ्यासाठी जर्मनीत निष्णात कारागीर लागत, तो इथे काल-परवापर्यंत पाकीट मारणारी पोरं जुळवत होती! सगळे नमुने सारखे निघत नसत, हे खरं. एका फेडची लेन्स दुसऱ्यावर लावली की फोकस चुकायचा. पण त्याच वंशातून पुढे क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची झोर्की निघाली. झोर्की-४ एकट्याच १९५६ ते १९७३ दरम्यान सतरा लाखांच्या वर बनल्या. तिच्यावरची ज्युपिटर-८ लेन्स झाइसच्या सॉनारची लेक, एफ/२ ची, आणि तिने काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यात काहीतरी मऊपणा असतो. झोर्की हातात आली तर एकच पथ्य पाळा. आधी चावी फिरवून शटर ताणा आणि मगच वेग बदला. उलट क्रमाने केलंत तर आतली यंत्रणा बिघडते.

उजेडाचं म्हणाल तर मीटरशिवाय भागतं. शंभर आयएसओची फिल्म, भर ऊन, एफ/१६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग. हा जुना ठोकताळा आमच्याकडे डोळे झाकून चालतो. जंगलात मात्र ऋतू बघावा लागतो. साग मार्चपासून उघडा पडतो, तेव्हा ऊन थेट जमिनीवर येतं. ऑगस्टमध्ये तोच साग ताटाएवढ्या पानांनी डोक्यावर छत धरतो आणि दुपारी एफ/२.८ ला पण हात कापतो. गडचिरोलीच्या पावसात लेन्सला बुरशी धरते, ती आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दुसरा उपाय नाही. चामड्याची पेटी कितीही देखणी असो, पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं.

रोल धुणं हा उन्हाळ्यातला खरा प्रश्न. डेव्हलपरची सगळी कोष्टकं वीस अंश सेल्सिअसवर बेतलेली, आणि इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे मध्ये हात भाजतं. गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि लगेच थंड पाण्यात घातलं तर त्याला सुरकुत्या पडतात. जुन्या उष्ण कटिबंधाच्या कृतींमध्ये म्हणूनच डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालत, त्याने जिलेटिन आवरून राहतं. बर्फाच्या टबात बाटल्या ठेवूनही जमतं, पण हायपो आणि धुवायचं पाणीसुद्धा त्याच तापमानाला आणावं लागतं, हे लोक विसरतात. माझं मत विचाराल तर कृष्णधवल रोल काढून फ्रिजमध्ये टाका आणि डिसेंबरात सावकाश धुवा. काही बिघडत नाही. बिघडतो तो खिसा. रंगीत रोल आज हजाराच्या घरात गेला आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' मिळायचा ते दिवस गेले. तो सरकारी कारखाना बंद पडला आणि आता प्रत्येक छत्तीस फोटोंसाठी आपण परदेशी कारखान्यांच्या दारात.

एवढा उपद्व्याप करून हा कॅमेरा न्यायचा कुठे, तर वडशाला.

देसाईगंज-वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत भाऊबीजेनंतर मंडया म्हणजे जत्रा भरू लागतात, बैलांचे शंकरपट होतात आणि त्या रात्री गावात नाटक असतं. कंपन्यांच्या तारखा वडशात ठरतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीचा शोध लागला. इथल्या माणसाला त्यात नवल नव्हतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. समोर घोंगड्या पांघरून बसलेलं अख्खं गाव. या माणसांनी तिकीट काढलं आहे आणि त्यांच्या डोळ्यांसमोर फ्लॅश मारायचा कोणालाही अधिकार नाही.

इथे रेंजफाइंडरचं सोनं होतं. चारशेची फिल्म सोळाशेवर ढकलायची, एफ/२ उघडायचं, सेकंदाचा साठावा भाग. मोठ्या कॅमेऱ्याचा आरसा शांत प्रसंगात खट्कन वाजला की पहिल्या रांगेतल्या आजी मान वळवतात. याशिकाचं पात्यांचं शटर तबल्याच्या ठेक्यात बुडून जातं. अंधारात फोकस जमत नाही असं म्हणतात ते अर्धसत्य आहे. या यंत्राला एक उभी रेघ लागते. नटाच्या अंगरख्याची किनार, पेटीवाल्याच्या मागचा बांबू, पदराचा काठ, काहीही चालतं. ती रेघ जुळली की काम झालं. हल्ली मंचावर लाल-निळे एलईडी चमकतात, त्यात रंगीत फिल्मवर नटांचे चेहरे भाजल्यासारखे येतात. कृष्णधवल फिल्म ते सगळं झाकून टाकते. आणि खरी जागा मंचासमोर नसून मंचाच्या मागे आहे. तिथे एकाच ट्यूबलाइटखाली, खिळ्याला टांगलेल्या आरशात, नायिका भुवया कोरत असते आणि खलनायक स्टुलावर बसून चहा पीत असतो. दोन मीटरचं अंतर.

त्या दोन मीटरसाठी विचारावं लागतं. दुरून, गाडीच्या काचेतून चोरून घ्यायची सोय हा कॅमेरा देत नाही, आणि माझ्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. भामरागडच्या आठवडी बाजारात माडिया बायांवर सत्तर-दोनशेच्या लेन्स रोखून उभे असलेले पाहुणे मी पाहिले आहेत. वाघाच्या जिप्सीत आणि त्यांच्यात मला फार फरक दिसला नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, कनू गांधींना गांधीजींचे फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर. फ्लॅश मारायचा नाही, कोणाला पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम या कामाला पैसा देणार नाही. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता, बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून घेतलेला; रेंजफाइंडर नव्हे. पण माझ्या मते वडशाला निघणाऱ्या हौशी माणसाने या तीनही अटी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लिहून ठेवाव्यात. तिसरी तर आपोआपच पाळली जाते.

एक अडचण येणार. फोटो काढला की समोरचा हात पुढे करून म्हणतो, 'दाखवा.' दाखवायला मागे पडदा नाही. रोल आहे, धुवायला वेळ लागेल, हे पटवून देणं कठीण जातं; तरुण पोरांना तर आपण फसवतोय असंच वाटतं. यावर उत्तर एकच. पुढच्या वेळी कागदावरचा फोटो घेऊन त्याच गावात जायचं. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी मोबाईलच वापरावा, त्यात निदान माणसाला स्वतःचा चेहरा लगेच दिसतो.

हंगाम होळीपर्यंत असतो. नाटकाच्या दिवशी संध्याकाळीच पोचा, कंपनीच्या मालकाला आणि दिग्दर्शकाला भेटा, मागे बसायची परवानगी घ्या. चारशेचे दोन रोल पुरतात. पहिल्या अंकातच सगळे उडवू नका. झाडीपट्टीच्या नाटकात रडण्याचे प्रसंग पहाटे तीनच्या पुढे येतात.