दिवसभर कामच असतं, मग व्यायाम कित्याक?

बचत गटाच्या बैठकीत व्यायामाचा विषय काढला की कोणीतरी म्हणतेच, "दिसभर काम करून पाठ मोडता, आणि व्यायाम कित्याक?" प्रश्न रास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेलं माप असं: मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल करावी, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतकी. पाच-पाच मिनिटांचे तुकडेही जमेला धरतात, आणि घरकाम, शेतकामही. दहा हजार पावलांचा आकडा मात्र 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्याची धास्ती नको.

आता आपल्याकडे बघू. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाडीवाडीत फिरणारीचं माप सकाळीच भरतं. तिला आणखी चालायला सांगणं म्हणजे चेष्टाच. तिला हवी विश्रांती, आणि मान-कंबर हळूहळू सैल करणं. लावणीत दिवसभर वाकणारीचंही तेच. काजूच्या कारखान्यात बसून काम करणारीही तितकीच दमून घरी येते, पण तिचे फक्त हात चाललेले असतात. तिला अर्धा तास भराभर चालणं खरंच हवं. आणि आम्ही समन्वयक? गावोगाव स्कूटीवरून 'फिरतो', म्हणून आपला व्यायाम होतो असं आम्हाला वाटायचं!

पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम हवा. पावसात खळ्यातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आजी घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं. ओटीवरचा खांब धरून दहा आकडे मोजेपर्यंत एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. खांब सोडायचा नाही.

गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून चालावं. साखर, रक्तदाब असेल तर तेही विचारून, दहा मिनिटांपासून सुरुवात. छातीत कळ आली, चक्कर आली तर थांबा आणि दवाखाना गाठा. मुलांना रोज तासभर खेळ हवा, मुलींनाही. मुलगी वयात आली की तिचं खेळणं आपणच बंद करतो.

खरी अडचण वेगळीच. बाई नुसती चालायला निघाली की दारादारातून विचारतात, "खंय चललंस गो?" तिघीचौघी असल्या की कोणी विचारत नाही. म्हणून बैठक संपली की आम्ही वाडीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांचा विषयही आता तिथेच निघतो.