टाळ कुठे गेला?

आज डॉल्बीवर लिहिणार होतो. (मिरवणुकीतल्या नव्हे, आपल्या कॅसेट डेकवरच्या बटणातल्या.) पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कॅसेटमधल्या फेल्टच्या गादीवरचा मागचा भाग वाचून गोकुंद्याच्या एका वाचकांनी जे विचारलंय, त्याचा निकाल लागल्याशिवाय डॉल्बीचं बटण दाबण्यात तसाही अर्थ नाही.

त्यांच्याकडे भजनाची एक कॅसेट आहे. १९८७ च्या कार्तिकीला त्यांच्या वडिलांनी देवळात टू-इन-वन मांडीजवळ ठेवून भरलेली. तो टू-इन-वन कसाबसा अजून चालतो आणि त्यावर टाळ खणखणीत ऐकू येतो. कॅसेटला न्याय द्यावा म्हणून यांनी हैदराबादेहून एक जुना, पण चांगल्यापैकी स्टिरिओ डेक आणला. गादी बदलली, हेड स्पिरिटने पुसलं, रबर पुसलं आणि कॅसेट लावली. पखवाज आहे, पेटी आहे, वडिलांचा आवाजही आहे. टाळ मात्र गायब. ‘घोंगडीखालून गातायत असं वाटतं. डेक बाद आहे की कॅसेट?’

दोन्ही ठणठणीत आहेत. डेक सरळ आहे, एवढीच त्याची चूक.

हेडच्या तोंडाशी एक उभी फट असते, मायक्रॉन-दोन मायक्रॉन रुंदीची. फीत तिच्यासमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. फिलिप्समध्ये लू ऑटन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी कॅसेट खिशात मावावी म्हणून फीत ३.८१ मिलिमीटरइतकी अरुंद आणि चाल इतकी धिमी ठेवली, आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. धिम्या चालीचा परिणाम असा की सेकंदाला दहा हजार कंपनांचा बारीक आवाज, म्हणजे टाळाची झणझण किंवा ‘स’चा सुस्कारा, फितीवर अवघ्या ४.७६ मायक्रॉनच्या लाटांनी उमटतो. मोनो टू-इन-वनचा पट्टा मात्र दीड मिलिमीटर उंच. आता फट जराशी कलली तर तिचं वरचं टोक लाटेच्या एका जागी आणि खालचं टोक दुसऱ्याच जागी येतं. दोन टोकांत बरोब्बर एका लाटेचं अंतर पडलं की फटीच्या वरच्या अर्ध्या भागाने मिळवलेलं खालचा अर्धा भाग घालवतो आणि हाती शून्य. त्यासाठी किती कल लागतो? एका अंशाचा पाचवा हिस्सादेखील नाही. पखवाजाच्या शंभर कंपनांची लाट जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांब असते. तिला एवढ्याशा कलाने काहीही होत नाही. म्हणून पखवाज राहतो आणि टाळ जातो.

पण टू-इन-वनवर टाळ वाजतो, तो कसा? त्याचं हेड कललेलंच आहे, आणि १९८७ मध्ये भरतानाही ते तितकंच कललेलं होतं. मोनो टू-इन-वनमध्ये भरणारं आणि वाजवणारं हेड एकच. वाकडं भरलं, वाकडंच वाचलं, हिशेब जुळला. कारखान्यात मोजून सरळ बसवलेल्या डेकला ती वाकडी लिपी लागत नाही.

इथे हौशी मंडळींशी माझं भांडण आहे. कॅसेटच्या आवाजात ‘ऊब’ आहे असं जो तो सांगतो. त्यातल्या निम्म्या लोकांची ऊब म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर भरलेली आणि स्वतःच्या मशीनवर न जुळलेली फीत असते. बारीक आवाज मेले की जे उरतं ते उबदारच लागतं! मला कॅसेट आवडते ती या कलासाठी. ती कुठल्या मशीनवर भरली गेली याची खूण तिच्या अंगावर असते आणि ती खूण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने शोधता येते. मोबाईलमधली फाईल कुणाच्याही हातात सारखीच.

आपल्या किनवट-गोकुंद्याच्या भागात तर अशा खुणा अमाप. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, त्यामुळे दुकानाच्या फळीवर भीमगीतं, माहूरच्या रेणुकेची गाणी, हिंदी आणि तेलुगू सिनेमा एका ओळीत. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी विकत मिळत, पण आपली यादी द्यायची आणि कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घ्यायची, ही चैन वेगळी. तांड्यावर होळीच्या लेंग्या भरायच्या तर टू-इन-वन खांद्यावर घेऊनच जावं लागे. असं प्रत्येक दुकान आणि प्रत्येक टू-इन-वन आपापल्या कलाने भरत होतं.

या कलाचं वेड जपानातल्या नाकामिचीला इतकं होतं की त्यांच्या ‘ड्रॅगन’ डेकमध्ये (१९८२) हेड वाजता वाजता स्वतःला वळवून घेई. एका पट्ट्याचे दोन भाग करून ते एकाच वेळी ऐकायचे, एक मागे पडला की छोटी मोटर हेड तेवढं फिरवणार. आणि ऑटो रिव्हर्समध्ये फीत उलटी धावली की कल बदलतो, म्हणून त्यांच्याच ‘आरएक्स-५०५’मध्ये हेड जागेवर ठेवून आख्खी कॅसेटच बाहेर येऊन उलटायची. हा प्रकार व्हिडिओवर जरूर पाहा, हसू आवरत नाही.

गोकुंद्याच्या वाचकांना ड्रॅगनची गरज नाही. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो आपला. दुसऱ्याला हात लावायचा नाही. स्प्रिंगच्या स्क्रूवर कारखान्याने रंगाचा थेंब टाकून तो पक्का केलेला असतो. तो थेंब खरवडण्याआधी खाच कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरला चुंबक नको. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’चं बटण असेल तर दाबा, कारण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र आला की चूक लपत नाही. मग भजन चालू ठेवून स्क्रू केसभर फिरवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. लक्ष टाळाकडे. तो उजळतो, उजळतो आणि पुन्हा मावळायला लागतो; शिखरावर परत यायचं नि थांबायचं. तिथेच संगणकावर उतरवून घ्या. हे झालं की या डेकवर आधीपासून नीट वाजणारी एखादी कॅसेट लावून हेड मूळ जागी आणा आणि नेलपॉलिशचा थेंब टाका. तो थेंब विसरलात तर स्क्रू हळूहळू सरकेल आणि महिनाभराने मला पुन्हा पत्र येईल.

त्यांनी आणखी एक विचारलंय. दुसऱ्या बाजूच्या शेवटी सगळ्यांचे आवाज चिरके आणि घाईचे का होतात? त्या रात्री वीज नसणार, मशीन सेलवर चालू असणार. सेल उतरले की मोटर मंदावते, फीत हळू सरकत भरली जाते, आणि आज पूर्ण वेगात वाजवली की मंडळ धावत सुटतं. त्याला स्क्रू उपयोगाचा नाही. उतरवून घेतल्यावर संगणकावर त्या भागाचा वेग थोडा थोडा कमी करत न्यावा लागेल. पेटीची काळी चार की पाच, हे माहीत असलेला कुणी मंडळात असेल तर त्याला शेजारी बसवा.

आणि ही कॅसेट मूळ आहे हे तुमचं नशीब. डबल कॅसेटवर हाय-स्पीडने उतरवलेली नक्कल असती तर वाजवणाऱ्या बाजूच्या कलाने जो टाळ खाल्ला तो गेलाच. नकलेत शेवटच्या हेडचा कल तेवढा जुळवता येतो, त्याआधीचा नाही.

आता डॉल्बी-बी, म्हणजे फितीची सरसर दाबायची सोय. ती बारीक आवाजाची पातळी बघून ठरवते की किती दाबायचं. कल चुकलेला असला तर पातळी आधीच पडलेली, ती आणखी दाबते, आणि लोक म्हणतात डॉल्बीने आवाज मारला. तेव्हा पुढच्या आठवड्यापर्यंत ते बटण बंद ठेवा. भजनाच्या कॅसेटला तर ते कधीच लागणार नाही, टू-इन-वनने डॉल्बी भरलेलीच नाही.