पडली तरी थांबली नाही

रस्त्यावरील सायकल-शर्यतीत चढावर दमाची आणि उतारावर धैर्याची परीक्षा होते. नेदरलँड्सच्या आनेमीक व्हान व्ल्यूटन हिने या दोन्ही परीक्षा दिल्या. १९८२ साली जन्मलेली ही मुलगी प्रथम फुटबॉल खेळत असे. दुखापतीमुळे तो खेळ सुटला, तेव्हा ती सायकलीकडे वळली. पुढे तोच तिचा व्यवसाय झाला.

२०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती सर्वांच्या पुढे होती. इतक्यात घाटाच्या उतारावर तिचा तोल गेला. पाठीच्या कण्याला तीन ठिकाणी तडे गेले आणि हाताशी आलेले पदक निसटले.

२०२१ साली टोकियोत आपण पहिल्या आलो असे समजून तिने हात उंचावले. परंतु ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर आधीच पोहोचली होती. ज्या शर्यतीत प्रत्येक खेळाडू स्वतंत्रपणे निघते व लागलेल्या वेळेवरून क्रम ठरतो, तीत आनेमीकने तीनच दिवसांनी सुवर्णपदक मिळविले. २०२२ साली कोपराचे हाड मोडलेले असतानाही, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियात जगज्जेती ठरली. २०२३ साली ती निवृत्त झाली.

पडणे कोणास चुकत नाही. पुन्हा उठून सायकलीवर बसावयाचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.